दारावरचे अनोळखी नाव

(संगणकाचा नित्य वापर करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या एकत्रीकरणात झालेल्या भाषणाचे शब्दांकन.)



संयोजकांनी मला 'संगणकाची सुरक्षा' असा विषय दिला होता. हा विषय एवढा विस्तीर्ण आहे की, तासाभरात तो मांडू गेल्यास हाती काहीच लागणार नाही. म्हणून मी तो मुद्दाम अरुंद करून घेतला आहे. सकाळी आपण संगणक सुरू करतो, पडद्यावर घरातील माणसांची नावे येतात, आपण आपल्या नावावर टिचकी मारतो आणि आत जातो. एके दिवशी त्या नावांमध्ये एक नाव असे दिसते की, जे घरातील कुणाचेच नाही. त्या क्षणी काय समजावे आणि काय करावे, एवढेच मी आज बोलणार आहे.

गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु अशा नावापायी माझ्या हातून दोन चुका घडलेल्या आहेत. मी तंत्रनिकेतनात अनेक वर्षे संगणक शिकवला. तेव्हा चूक अज्ञानामुळे झाली असे म्हणण्याचीही मला सोय नाही. त्या दोन्ही चुका आज आपल्यासमोर ठेवतो. विषय समजण्यास त्यांचाच उपयोग अधिक होईल.

पहिली हकिगत २००५ सालची. सांगलीत आमच्या परिचयाचे एक निवृत्त मुख्याध्यापक राहत असत. आम्ही सारे त्यांना सर म्हणत असू. चिरंजीव अमेरिकेत. नातवाचे छायाचित्र पाहता यावे, त्याच्याशी चार शब्द बोलता यावेत म्हणून सरांनी सत्तरीच्या उंबरठ्यावर संगणक घेतला, तोही जुळवून घेतलेला, म्हणजे आपण ज्याला असेंबल्ड म्हणतो तसा. त्याची देखभाल करीत असे गल्लीच्या टोकाला सायकलदुरुस्तीचे दुकान असणाऱ्या गृहस्थांचा मुलगा. बारावी झालेला, एमएस-सीआयटी पूर्ण केलेला, सायंशाखेत नियमित येणारा. एका फेरीस पन्नास रुपये घेई. सरांकडून मात्र तेही घेत नसे.

एका रविवारी त्याने सरांच्या सांगण्यावरून एक नवीन सॉफ्टवेअर बसविले. त्याच्यासोबत आणखी काही आवश्यक भाग आपोआप बसले. दुसऱ्या दिवशी सरांनी संगणक सुरू केला, तो पडद्यावर त्यांच्या नावाशेजारी दुसरेच नाव उभे होते : 'एएसपी डॉट नेट मशीन ए' आणि पुढे तीन टिंबे. सरांनी त्यावर टिचकी मारली. संगणकाने पासवर्ड विचारला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या यंत्रात एक खोली अशी निघाली की, तिची किल्ली घरधन्याकडे नाही! सर घाबरले यात नवल नव्हते. रात्री चिरंजिवांचा दूरध्वनी आला. त्यांनी साता समुद्रापलीकडून एकच प्रश्न विचारला : "संगणकाला शेवटचा हात कुणी लावला होता?"

उत्तर उघड होते. सरांनी त्या मुलाला निरोप पाठविला की, यापुढे येण्याची गरज नाही. सर सज्जन, त्यांनी आरोप असा केला नाही. पण गल्लीत निरोपाचा अर्थ लावला जातोच. पुढच्या महिन्याभरात आणखी तीन-चार घरांनी त्याला बोलावणे बंद केले.

मी तीन आठवड्यांनी तेथे गेलो. ते नाव पाहताच मला हसू आले, कारण ते मला ठाऊक होते. मायक्रोसॉफ्टने 'डॉट नेट फ्रेमवर्क' या नावाची एक पायाभूत व्यवस्था काढली होती; अनेक सॉफ्टवेअरना ती लागत असे. तिची १.१ ही आवृत्ती २००३ सालची. ती विंडोज एक्सपीवर बसविली की, संगणक स्वतःसाठी एक खाते उघडत असे. संकेतस्थळ चालविणारा जो भाग आहे त्याला संगणकाचे सर्वाधिकार मिळू नयेत, त्याने बेताच्या अधिकारातच काम करावे, यासाठी ते खाते. त्याचा पासवर्ड यंत्रानेच तयार केलेला. कोणा माणसाने त्यातून आत यावे अशी योजनाच नव्हती. म्हणजे ज्याला सर चोर समजले, तो वस्तुतः पहारेकरी होता. दोष एवढाच की, तो पडद्याआड राहायचा तो पुढच्या दारात येऊन उभा राहिला. जगभर हजारो लोक त्या काळी या नावाने असेच दचकले होते.

मी सरांना हे समजावून सांगितले, चहा घेतला आणि परत आलो. तांत्रिक शंकेचे निरसन झाले, माझे काम संपले, असे मी समजलो. त्या मुलाचे काय झाले, हे विचारण्याचे माझ्या लक्षात आले नाही. खरे सांगायचे तर लक्षात आले होते. पण तो विषय काढणे अवघड वाटले. समरसतेवर आपण व्यासपीठावरून पुष्कळ बोलतो. घरात काही वेडेवाकडे दिसले की, संशय सर्वांत प्रथम कोणाच्या दाराशी जातो, हे त्या वेळी मी पाहिले आणि गप्प राहिलो. ही माझी पहिली चूक.

नाव दिसते त्याचा अर्थ

आता थोडे यंत्राच्या आत डोकावू. आपण संगणकाला एक घर समजतो आणि खाते म्हणजे घरातील माणूस, अशी आपली कल्पना असते. ती पूर्ण खरी नाही. संगणकातील पुष्कळशी खाती माणसांची नसतातच. ती कामांची असतात. विंडोजमध्ये 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' आणि 'गेस्ट' ही दोन खाती जन्मतःच असतात. विंडोज १०पासून 'डिफॉल्टअकाउंट' आणि आणखी एक लांबलचक नावाचे सुरक्षाविषयक खाते यांची भर पडली. ही सामान्यतः बंद स्थितीत असतात आणि पडद्यावर येत नाहीत. चित्रपत्रिका बनविणाऱ्या एका कंपनीच्या अद्ययावतीकरणातून 'अपडेटसयुजर' नावाचे खाते निर्माण होत असे. विंडोज १० नव्याने बसविताना 'डिफॉल्टयुजर०' नावाचे तात्पुरते खाते बनते. काम संपल्यावर ते नाहीसे व्हायला हवे, पण कधी कधी मागे राहते. काही वेळा तर आपलेच नाव दोनदा दिसते! पासवर्डाविना थेट आत जाण्याची सोय अर्धवट बदलली गेली की, असा प्रकार घडतो. तात्पर्य, अनोळखी नाव दिसले म्हणजे घरात परका शिरला, असे मुळीच नाही.

परंतु याच्या उलट बाजूकडेही पाहिले पाहिजे. प्रवेशाच्या पडद्यावर जी नावे दिसतात, ती म्हणजे संगणकातील खात्यांची संपूर्ण यादी नव्हे. विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत एका ओळीचा बदल केला की, कोणतेही खाते त्या पडद्यावरून लपविता येते; खाते जिवंत राहते, दिसत मात्र नाही. जो खरोखर वाईट हेतूने आत शिरला आहे, तो आपल्या नावाची पाटी दारावर का लावील? लावलीच तर ती अशी लावील की, ती वाचून आपल्याला काहीच वाटू नये.

१८ सप्टेंबर २००१ या दिवशी 'निमडा' नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम जगभर पसरला. त्याने नवीन नाव निर्माण करण्याची तसदीच घेतली नाही. तो बंद असलेले 'गेस्ट' हे खाते उघडी आणि त्याला सर्वाधिकाऱ्यांच्या गटात नेऊन बसवी. नाव तेच, पाहुण्याचे. अधिकार मात्र घरमालकाचे. यासाठी नावाकडे पाहून निर्णय करू नये, अधिकाराकडे पाहावे. विंडोज स्वतःही नावावर विसंबत नाही. प्रत्येक खात्याला तो एक दीर्घ ओळखक्रमांक देतो. मूळ सर्वाधिकाऱ्याच्या क्रमांकाचा शेवट ५०० ने होतो, गेस्टचा ५०१ ने. माणसांसाठी उघडलेली खाती १००० पासून पुढे चालतात. नाव कितीही वेळा बदला, क्रमांक बदलत नाही.

आपल्या इतिहासात या विचाराला फार जुना आधार आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या आरंभीचे. त्यातील दुर्गांविषयीचे प्रकरण मी माझ्या विद्यार्थ्यांना आवर्जून वाचावयास सांगत असे, तेही संगणकाच्या तासाला! गडाला एकच दरवाजा असणे अमात्य मोठा दोष मानतात. गड पाहून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या करून ठेवाव्यात, असे ते सांगतात. पण लगेच पुढे काय सांगतात, ते पाहा. रोजच्या राबत्याला जेवढ्या लागतील तेवढ्याच उघड्या ठेवाव्यात, बाकीचे दरवाजे आणि दिंड्या चिणून टाकाव्यात. संगणक घडविणाऱ्यांनीही दिंड्या ठेवलेल्या आहेत आणि त्या ठेवणे आवश्यक होते. प्रश्न असतो तो आपल्याला न लागणारी दिंडी चिणलेली आहे की नाही, हा.

आणि दुसरी गोष्ट. महाराजांच्या गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे अधिकार वाटून दिलेले असत, ते एकट्याच्या फितुरीने गड जाऊ नये म्हणून. आपल्या घरात काय असते? संगणकावर एकच खाते, तेच सर्वाधिकारी, त्याला पासवर्ड नाही; आणि त्याच खात्यातून आजोबा बँकेचा व्यवहार करतात आणि नातू कोठून तरी खेळ उतरवून घेतो. त्या खेळासोबत जे काही आत येईल, त्याला आपोआप गडाच्या सर्व किल्ल्या मिळतात. नातवासाठी साधे, मर्यादित अधिकारांचे खाते उघडण्यास पाच मिनिटे लागतात. ते असते, तर तोच उपद्रवी प्रोग्रॅम बव्हंशी त्या खोलीतच अडकून राहिला असता.

दुसरी चूक

आता २०२०. एका जिल्ह्याच्या ठिकाणी वनवासी विद्यार्थ्यांचे एक वसतिगृह चालते. संस्थेचे नाव घेत नाही. मार्च महिन्यात टाळेबंदी लागली, मुले आपापल्या पाड्यांवर परतली. कार्यालयात एक संगणक होता, विंडोज ७वर चालणारा. त्या प्रणालीला सुरक्षा दुरुस्त्या देणे मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजीच थांबविले होते. तिकडे कुणाचे लक्ष नव्हते. संस्थेचे हिशेब पाहणारे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, अतिशय काटेकोर. मार्चअखेरचे काम अडू नये म्हणून त्यांना घरूनच त्या संगणकावर बसता यावे, अशी सोय कोणीतरी करून दिली. रिमोट डेस्कटॉप चालू केला, राउटरमधून थेट वाट काढून दिली. पासवर्ड काय होता म्हणाल, तर संस्थेचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन.

टाळेबंदीच्या त्या दिवसांत घरून काम करण्यासाठी जगभर अशा वाटा उघडल्या गेल्या आणि त्या हुडकीत फिरणाऱ्यांचेही पीक आले. हे काम माणूस करीत नाही. यंत्रे अहोरात्र एकेका पत्त्याचे दार वाजवीत जातात आणि सोप्या पासवर्डांची यादी लावून पाहतात. सह्याद्रीच्या पायथ्याचे एक वसतिगृह कोणाच्या लक्ष्यावर असण्याचे कारण नव्हते. कोणी त्याला हेरलेही नव्हते. त्याचे दार उघडे होते, एवढेच.

जून महिन्यात कार्यालय थोडे थोडे उघडू लागले. तेथील लिपिकाचा मला दूरध्वनी आला. "सर, आपल्या संगणकावर 'सपोर्ट' असं एक नवीन नाव दिसतंय. मी काही केलेलं नाही हो." त्याच्या आवाजात भीती होती, ती बहुधा आपल्यावर ठपका येईल याची. मला सांगलीचे सर आठवले. शिवाय विंडोज एक्सपीत 'सपोर्ट' या शब्दाने सुरू होणारे, मायक्रोसॉफ्टनेच ठेवलेले एक खाते असे, हेही आठवले. मी म्हणालो, "अहो, ते संगणकाचं स्वतःचं असतं. तुम्ही लक्ष देऊ नका." त्याला हायसे वाटले. मलाही आपण एका निरपराध माणसाची भीती घालविली, याचे समाधान वाटले.

एक्सपीतील ते खाते विंडोज ७मध्ये नसते. मी वीस वर्षांपूर्वीच्या ज्ञानावर, संगणक न पाहता, दूरध्वनीवरून निवाडा दिला होता.

नवव्या दिवशी संगणक सुरू केला, तेव्हा प्रत्येक धारिकेच्या नावामागे एक विचित्र शेपूट लागलेले होते आणि एकही धारिका उघडत नव्हती. प्रत्येक फोल्डरमध्ये इंग्रजीत एक चिठ्ठी : एवढे बिटकॉइन द्या, मग कुलूप काढू. हिशेबांची दुसरी प्रत होती. पण ज्या हार्ड डिस्कवर होती ती संगणकाला कायम जोडलेलीच असे. तीही त्याच कुलपात गेली.

मागाहून घटनांची नोंदवही तपासली. विंडोज अशी नोंदवही ठेवतो आणि नवे खाते उघडले गेले की, तीत ४७२० या क्रमांकाची नोंद पडते. हल्लेखोर बहुधा ती पुसून जातात. येथे पुसायची राहिली होती. 'सपोर्ट' हे खाते रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी उघडले गेले होते. त्या वेळी कार्यालयाला कुलूप होते. लिपिकाने दूरध्वनी केला, त्या दिवशी ही एक नोंद कुणी पाहिली असती, तर वाट बंद करायला नऊ दिवस हाताशी होते.

खंडणी द्यायची नाही, हा निर्णय संस्थेने एका बैठकीत घेतला. तो योग्यच होता. दिली असती, तरी कुलूप निघेलच याची हमी कोणी देत नसतो आणि त्या पैशाने पुढच्या एखाद्या संस्थेच्या दारावर थाप पडते. मार्च २०१९ पर्यंतचे हिशेब लेखापरीक्षकांकडे मिळाले. पुढच्या वर्षाच्या पावत्या कागदावर होत्या. बँकेतून निवृत्त झालेले तिघे जण सव्वा महिना बसले आणि त्यांनी त्या पुन्हा भरून काढल्या. पैशाचे नुकसान फार झाले नाही. गेली ती पालकांची यादी. कोणत्या पाड्यावर कोणत्या मुलाच्या घरी किंवा शेजारी कोणता दूरध्वनी आहे, ही माहिती सात वर्षांत गोळा झालेली होती आणि त्या दिवसांत शिधा पोहोचविण्यासाठी, मुलांची चौकशी करण्यासाठी तीच एक दोरी होती. कार्यकर्ते पावसात वह्या घेऊन पाड्यापाड्यांवर गेले. बहुतेक मुले पुन्हा जोडली गेली. काही घरांशी मात्र संपर्क होईपर्यंत दिवाळी उजाडली आणि त्यातल्या दोन मुली पुन्हा शाळेत आल्या नाहीत. त्या आल्याच असत्या, असे मी म्हणू शकत नाही. आल्या नसत्या, असेही म्हणू शकत नाही.

मग करावे काय?

सरांनी घाई केली आणि मी आळस केला. दोघांनीही पाहिले मात्र नाही. म्हणून अनोळखी नाव दिसले की, पहिली गोष्ट म्हणजे मोबाइलने पडद्याचे छायाचित्र घ्यावे आणि इंटरनेटची तार काढावी किंवा वाय-फाय बंद करावे. खाते रागाच्या भरात पुसून टाकू नये. पुसले की पुरावाही जातो. त्यानंतर घरातील प्रत्येकाला शांतपणे विचारावे. दहातील कितीतरी वेळा उत्तर येथेच मिळते : मुलीने प्रकल्पासाठी खाते उघडलेले असते, किंवा दुरुस्तीवाल्याने चाचणीसाठी उघडून तसेच ठेवलेले असते. विचारताना 'कुणी केलं?' असा सूर नको. तो सूर लागला की खरे उत्तर येत नाही.

कुणालाच ठाऊक नसेल, तर यंत्राला विचारावे. कमांड प्रॉम्प्ट या काळ्या खिडकीत इंग्रजीत 'नेट युजर' हे दोन शब्द टंकित केले की, खात्यांची यादी येते. पडद्यावरून लपविलेली नावेही तीत असतात. त्याच दोन शब्दांपुढे त्या खात्याचे नाव लिहिले की, ते चालू आहे की बंद, पासवर्ड केव्हा ठेवला गेला, शेवटचा प्रवेश केव्हा झाला आणि ते कोणत्या गटात आहे, हे सारे दिसते. शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. अनोळखी खाते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्सच्या गटात असेल, तर ते साधे समजू नये. एक चलाखी सांगून ठेवतो : नावाच्या शेवटी डॉलरचे चिन्ह असलेली खाती 'नेट युजर'च्या यादीत येत नाहीत, त्यांसाठी पॉवरशेलमध्ये 'गेट-लोकलयुजर' ही आज्ञा द्यावी. मग सी ड्राइव्हमधील 'युजर्स' हा फोल्डर उघडावा. खाते नुसते उघडल्याने त्याचे घर उभे राहत नाही. कोणी त्यातून प्रथम आत आले की, त्या नावाचा फोल्डर तयार होतो. त्या फोल्डरची तारीख आणि वेळ पाहावी. घरातील सारे झोपलेले असतानाची वेळ असेल, तर निराळे सांगायला नको.

येथवर पाहून ते खाते यंत्राचेच आहे, असे दिसले तर प्रश्न मिटला. शंका उरली, तर ते आधी निष्क्रिय करावे आणि अँटिव्हायरसची तपासणी विंडोज सुरू होण्यापूर्वी चालणाऱ्या पद्धतीने करावी. विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडरमध्ये ही सोय आहे. बँकेचे आणि ई-मेलचे पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून. संशयित संगणकावर नवा पासवर्ड टंकित करणे म्हणजे चोरासमोर नवे कुलूप लावणे होय. आणि सर्वाधिकार परक्याच्या हाती गेले होते हे सिद्ध झाले, तर धुऊन-पुसून घेण्याच्या भरीस पडू नये. महत्त्वाचे कागद बाजूला काढून, डिस्क संपूर्ण कोरी करून, अधिकृत प्रतीवरून विंडोज नव्याने बसवावे. पैसे गेले असतील, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पहिल्या काही तासांत रक्कम अडविली जाण्याची शक्यता असते. दुसऱ्याच्या संगणकात विनापरवाना शिरणे हा २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्यावे. नुसते हळहळून घरी बसू नये.

अधिकृत प्रत म्हटले की, सभागृहात थोडी चुळबुळ होते, हा माझा अनुभव आहे! आता बोलतोच. आपल्या घरांत देव्हारा असतो, सचोटीचा आग्रह असतो आणि संगणकावर चोरीचे विंडोज असते. ती प्रत चालू करण्यासाठी जो 'अ‍ॅक्टिव्हेटर' वापरतात, तो पहिली सूचना काय देतो? अँटिव्हायरस बंद करा! दरोडेखोराने पहारेकऱ्याला रजा द्यायला सांगावे आणि आपण ती द्यावी, असा हा प्रकार आहे. ज्यांना किंमत परवडत नाही, त्यांच्यासाठी सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही लिनक्सवर आधारित भारतीय प्रणाली विनामूल्य आहे. पुण्यात संगणकदुरुस्तीच्या दुकानातून उभा राहिलेला क्विक हीलसारखा अँटिव्हायरस आपल्या डोळ्यांसमोर मोठा झाला. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची तपासणी साधने २०१७ पासून मोफत मिळतात. तथापि स्वदेशी प्रणाली बसविली म्हणजे पासवर्ड ठेवायला नको, असे मात्र कोणी समजू नये.

हा प्रश्न घरातला असला, तरी घरापुरता नाही. बळकावलेला संगणक पुष्कळदा मालकाला त्रासच देत नाही. तो परक्याच्या आज्ञेने दुसऱ्यांवर हल्ले करीत राहतो आणि असे लक्षावधी संगणक एका हाती एकवटले की, त्याची फौज होते. २०१९ साली कुडनकुळम अणुऊर्जा प्रकल्पातील एका संगणकात उपद्रवी प्रोग्रॅम सापडला. तो प्रशासकीय कामाचा, इंटरनेटला जोडलेला संगणक होता. अणुभट्टीचे नियंत्रण करणारी यंत्रणा स्वतंत्र होती, म्हणून निभावले. नोव्हेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या एम्सची संगणकव्यवस्था कोलमडली आणि देशातील अग्रगण्य रुग्णालयात कितीतरी दिवस कागदावर नोंदी कराव्या लागल्या. सीमेवरील जवानाकडून आपण ज्या जागरूकतेची अपेक्षा करतो, तिचा शतांश तरी आपल्या टेबलावरील यंत्राच्या वाट्याला येतो का?

विंडोज १०चेही सर्वसाधारण सहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. आपल्या कार्यालयांतील किती यंत्रे अजून त्यावर आहेत, हे परतल्यावर मोजा.

वसतिगृहाचा संगणक नव्याने उभा करायचा ठरला, तेव्हा कार्यकर्त्यांनी कोल्हापूरहून एक तंत्रज्ञ बोलावला. आला तो सायकलदुरुस्तीवाल्यांचा तो मुलगा. आता चाळिशीकडे झुकलेला, स्वतःचा व्यवसाय असलेला. त्याने मला लगेच ओळखले. दोन दिवस काम चालले. आधी त्याने राउटरमधील वाट बंद केली, मग डिस्क कोरी केली. दुपारी डबा खाताना त्याने सहज विचारल्यासारखे विचारले, "सर, तेव्हा तुम्ही सरांना सांगितलं होतंत ना, ते खातं कशाचं होतं ते?"

मी म्हणालो, "सांगितलं होतं."

"मग त्यांनी मला परत का नाही बोलावलं?"

सरांचे निधन होऊन तोवर सहा वर्षे झाली होती. मी त्याला खरे ते सांगितले : खाते कशाचे होते, एवढेच मी सरांना सांगितले; त्याला परत बोलवा, असे म्हटले नाही. तो काही बोलला नाही. डबा धुऊन आला आणि पुन्हा कामाला लागला. त्याने नव्या यंत्रावर तीन खाती उघडली : एक सर्वाधिकाऱ्याचे, एक हिशेबाचे, एक लिपिकाचे. बाहेरची हार्ड डिस्क दर शनिवारी जोडायची आणि प्रत काढून झाली की कपाटात ठेवायची, हे लिपिकाकडून दोनदा करवून घेतले. जाताना त्या तीन खात्यांची नावे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिली, खाली तारीख आणि स्वतःची सही केली आणि तो कागद संगणकाच्या वरच्या भिंतीवर चिकटविला. "यात नसलेलं चौथं नाव दिसलं तर मला फोन करा," असे त्याने लिपिकाला सांगितले. "कितीही वाजले असले तरी. मी येऊन बघेन."